अक्कांच्या उखाण्यांची बांधणी

आमच्या सोसायटीत कुणी फिरून आलं की त्याला चहाला बोलावतात आणि फोटो दाखवायला लावतात. मला आजवर कुणी बोलावलं नाही. महिन्यातला निम्मा वेळ मी घराबाहेर असतो, पण मी जातो ती गावं बघायला कुणी जात नाही आणि माझ्या फोनमध्ये फोटो असतात ते गिअरचे, पट्ट्यांचे आणि जळालेल्या फ्यूजचे. यंदाच्या थंडीत बीड जिल्ह्यात जाऊन आलो. आल्यावर बायकोनं विचारलं, "कसं झालं?" मी म्हणालो, "झालं एकदाचं." तेवढ्यावर आमचं भागलं. पण ते गाव काही केल्या डोक्यातून जाईना, म्हणून लिहायला बसलो.

मी पुस्तकबांधणीची स्वयंचलित यंत्रं बसवतो आणि ती चालवायला शिकवतो. तरुणपणी हे काम धरलं, आता निवृत्ती तोंडावर आली आहे. पूर्वी आमचे ग्राहक मोठे असायचे. हजारोंनी प्रती निघायच्या, त्यामुळे यंत्र जुळवण्यात अर्धा दिवस गेला तरी कुणी हूं की चूं करत नसे. आता सगळं उलटं झालं आहे. क्लासच्या नोट्स शंभर, शाळेची स्मरणिका दोनशे, कुणाच्या आजोबांचं आत्मचरित्र पन्नास. छपाई संगणकावरून तासाभरात होते आणि घोडं अडतं ते बांधणीपाशी. पानं लावा, दाभणानं भोकं पाडा, दोरा ओवा, खळ लावा, वजनाखाली ठेवा, वाळायची वाट बघा, मग कापा. तासाभराच्या छपाईला आठवड्याची बांधणी. आमचं नवं यंत्र हे सगळं एका दमात करतं. पानांची गड्डी त्याच्या जबड्यात उभी धरायची आणि बटण दाबायचं. जाडी ते स्वतः मोजतं, पुस्तकाची पाठ खरवडतं, गरम गोंद लावतं, मुखपृष्ठ चढवतं, दाबतं आणि पुस्तक बाहेर देतं. हे मी इतक्या लोकांना इतक्या वेळा सांगितलं आहे की आता सांगताना मला स्वतःलाच जांभई येते.

कडा

रेल्वे आता बीडपर्यंत गेली आहे, पण तिची वेळ आणि माझी वेळ जुळली नाही, म्हणून एसटीच नशिबी आली. नगर सोडलं की रस्त्याच्या दोन्ही बाजूंना ज्वारी उभी होती, कणसं भरत आलेली. मधूनच उसाची ट्रॉली आडवी यायची आणि आमची गाडी तिच्यामागे मुकाट चालायची. साखर कारखाना असलेल्या गावाच्या जवळ आलो हे खिडकीतून येणाऱ्या मळीच्या वासानं आधी कळतं, पाटी नंतर दिसते.

वाटेतल्या कडा गावी उतरलो ते एका जुन्या ग्राहकासाठी. पत्रिकांना घडी घालणारं लहानसं यंत्र त्यांनी आमच्याकडून घेतलं होतं. दुकानात शिरलो तर यंत्र कुठेच दिसेना. समोर घड्या घालत बसलेल्या दोन बायका, पत्रिकांचा ढीग, आणि कोपऱ्यात जरीच्या कापडानं झाकलेलं एक टेबल, त्यावर देवाचा फोटो आणि उदबत्त्या. मी विचारलं, "यंत्र कुठाय?" मालकांनी कौतुकानं कापडाचं टोक उचललं. खाली यंत्र.

"लई भारी मशीन हाय, साहेब," ते म्हणाले. "खराब होऊ नये मनून जपून ठिवलंय."

"चालवत नाही?"

"चालवलतं की. उद्घाटनाला चालवलतं."

मी फोटो बाजूला ठेवला, यंत्राला तेल दिलं, पट्ट्या तपासल्या, वीस-पंचवीस पत्रिका सर्रकन काढून दाखवल्या. त्या दोघी बायका हातातलं काम थांबवून बघत होत्या. एक म्हणाली, "ह्याला बोलता येत न्हाई ना पण. दिवस कसा जायचा?" मी आवरून निघालो तेव्हा मालक फोटो पुन्हा जागेवर ठेवत होते. पुण्यात असतो तर मी चिडलो असतो. इथे त्यांनी भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि दही असं पोटभर जेवू घातलं होतं, आणि भरल्या पोटी चिडायलाही ताकद लागते.

बीड

बीडला बसस्थानकाजवळच्या लॉजवर उतरलो. अशा लॉजच्या खोल्या मी डोळे मिटून ओळखतो. दाराची कडी लागत नाही, पंखा एकाच वेगात फिरतो आणि गरम पाणी "येतंय, येतंय" म्हणत येत नाही. थंडीत थंड पाण्यानं आंघोळ केली आणि कुडकुडत नाश्त्याला खाली आलो.

नाश्त्याला सुशीला मिळाला. मुरमुरे भिजवून, पिळून, कांदा-मिरचीच्या फोडणीत परततात आणि वर दाण्याचं कूट घालतात. आमच्याकडे जो मान पोह्यांना, तो इथे ह्याला. हॉटेलवाले चाचा गल्ल्यावर बसून माझ्या अवजारांच्या पेटीकडे बघत होते.

"कावून आलात बीडला?"

"दिंद्रुडला जायचंय. पुस्तकं बांधायचं यंत्र बसवायला."

"दिंद्रुडला पुस्तकं?" ते म्हणाले. "कोन वाचतंय?"

मी म्हणालो, वाचणाऱ्याचं मला माहीत नाही, मी फक्त पानं सुटणार नाहीत एवढं बघतो. चाचांना ते पटलं असावं, कारण दुसरा चहा न मागता आला.

दिंद्रुड

वडवणी, तेलगाव करत दिंद्रुड येतं. बाजाराचं मोठं गाव. मुख्य रस्त्यावर खताची, कापडाची, भुसाराची दुकानं आणि त्यांच्यामधून आत गेलेल्या बोळात महालिंगअप्पांची प्रेस. यंत्र माझ्याआधी टेम्पोनं पोचलं होतं. राहायची सोय माजलगावला होती, त्यामुळे सकाळी काळी-पिवळी जीपमध्ये कोंबून घेऊन यायचं आणि दिवस मावळताना तसंच परत जायचं, असा माझा नेम ठरला.

महालिंगअप्पा सत्तरी ओलांडलेले, पांढरं धोतर, पांढरा सदरा, कपाळावर भस्माचे तीन ठसठशीत पट्टे. व्यापारी घरातले असून त्यांनी भुसाराचं दुकान भावाला दिलं आणि आपण छपाईत पडले. त्यांच्याकडे बांधणीला खलील. पन्नाशीचा, उंच, बोलण्यात सावकाश. खलीलचे वडील ह्याच प्रेसमध्ये बांधणी करायचे. खलीलनं दाभण कधी हातात धरलं ते त्याला आठवत नाही, इतकं ते जुनं. त्याची बायको रेहाना घरी बसून पानं लावून द्यायची.

मी पेटी उघडत होतो तेव्हा खलीलनं मला त्याचं उजवं मनगट दाखवलं. सुजलेलं होतं, आणि अंगठा बोटांशी नीट मिळत नव्हता.

"माजलगावच्या डॉक्टरनं सांगितलंय, दाभन बंद. आता चहाचा कप धरला तरी कळ येते," तो म्हणाला. "मीच अप्पांच्या मागं लागलो, मशीन आना मनून. ते तयारच नव्हते."

"का?"

"ते मनतात, मशीनची पुस्तकं सुटतात. आता कसंबसं ट्रायलवर घेतलंय. आधी अक्कांचं पुस्तक बांधायचं. ते नीट झालं तर मशीन ऱ्हातंय, न्हाई तर टेम्पोत परत."

"आणि मग तुम्ही?"

"बीडला माझ्या मेव्हण्याचा फळांचा गाडा हाय. तिथं जाईन. मोसंबी विकायला मनगट लागत न्हाई." तो हसला, पण ते हसणं काही डोळ्यांपर्यंत गेलं नाही. "अप्पा मनतात बसून ऱ्हा, काम करू नको, पगार घे. तसं मला जमायचं न्हाई, साहेब. बसून खायचं तर तोंड कसं दाखवायचं?"

मला अशा गोष्टी ऐकायच्या नसतात. यंत्र बसवायला आलेल्या माणसाला सुरुवातीलाच कुणी सांगितलं की ह्यावर माझं सगळं आहे, की त्याच्या खांद्यावर विनाकारण ओझं येतं. माझे खांदे आधीच एसटीनं धरले होते.

अक्का म्हणजे अप्पांच्या पत्नी. मागच्या थंडीत त्या शिवैक्य झाल्या. आता पहिलं पुण्यस्मरण होतं आणि त्या दिवशी येणाऱ्या प्रत्येकाला एक पुस्तक द्यायचं असं अप्पांनी ठरवलं होतं. ह्या बाजूला अशी पद्धत आहे, गेलेल्या माणसाच्या नावानं काहीतरी छापून वाटतात. बहुतेकजण स्तोत्रं छापतात. अप्पा छापत होते अक्कांचे उखाणे. गावात कुठलंही लग्न असलं की नवरी आदल्या दिवशी अक्कांकडे यायची, आणि अक्का तिचं घर, नवऱ्याचा धंदा, सासूचा स्वभाव विचारून तिला बेतशीर उखाणा करून द्यायच्या. गावभर फिरून, लेकी-सुनांना विचारून अप्पांनी ते गोळा केले होते. संगणकावर पानं स्वतः जुळवली होती आणि कागद वाया जायला नको म्हणून मजकूर पानाच्या आतल्या कडेपर्यंत नेला होता.

ह्या शेवटच्या गोष्टीनं माझं काम वाढवलं. पाठ खरवडणारं पातं सुरू ठेवलं असतं तर आतल्या बाजूची अक्षरं गोंदात गेली असती. मी पातं बंद ठेवलं आणि पाठीला पाडलेल्या बारीक खाचांवर काम भागवायचं ठरवलं. तेवढ्यावरही पुस्तक चांगलं धरतं, हा माझा वर्षानुवर्षांचा अनुभव. कोऱ्या कागदाच्या गड्ड्या बांधून बघितल्या. पान ओढलं तर फाटेल, पण सुटणार नाही, अशी पकड बसली होती. मग छापलेल्या गड्ड्यांतली एक लावली. यंत्रानं झकास पुस्तक काढून दिलं. खलीलनं ते थंड होऊ दिलं, कापलं आणि दोन्ही हातांनी अप्पांना दिलं.

अप्पांनी मधलं पान चिमटीत धरून ओढलं. ते अलगद त्यांच्या हातात आलं. त्यावर होतं:

शाई वाळली, घडी पडली, मशीन झालं गार,
महालिंगरावांचं नाव घेते, आता तरी उघडा दार.

अप्पांनी ते वाचलं. मग म्हणाले, "मी प्रेस आतनं लावून रातभर काम करायचो. ती डबा घेऊन बाहेर उभी ऱ्हायची अन् हे मनायची." पान पुस्तकात ठेवून ते निघून गेले. मी गोंदाच्या भांड्याकडे बघत बसलो.

पुढचे दिवस कसे गेले ते सांगण्यात अर्थ नाही, कारण ते सगळे सारखेच गेले. गोंद जास्त गरम केला, कमी केला. थंडीवर ठपका ठेवला आणि खोलीत शेगडी आणवली. विजेवर ठेवला, कारण ती मधूनच डुलक्या घेत होती. छपाईच्या पावडरीवरही ठेवून झाला. कंपनीला फोन केला, तर तिकडच्या तरुण साहेबांनी सांगितलं की ह्या यंत्राविषयी आजवर एकही तक्रार नाही. मी म्हणालो, आता एक आहे. कोरा कागद धरायचा आणि अक्कांची पानं सुटायची, आणि दिवसागणिक जास्तच सुटायची. अप्पा रोज येऊन एक पान ओढून बघत, मान हलवत आणि चहा मागवत. एकदाही वाकडा शब्द बोलले नाहीत, त्याचाच जास्त त्रास होत होता.

दुपारी जेवणाचा डबा अप्पांच्या घरून यायचा. ज्वारीची भाकरी, येसराची आमटी, कधी उडदाचं घुटं. येसर म्हणजे धान्यं आणि मसाले भाजून केलेलं पीठ, त्याची आमटी अशी झणझणीत की थंडी पळून जाते. घरी आम्ही जेवताना टीव्ही बघतो. इथे खलील आणि अप्पा समोरासमोर मांडी घालून बसत आणि एक अक्षर बोलत नसत. दोघांना एकमेकांच्या ताटात काय संपलं ते न बघता कळायचं. मला मात्र भूकच लागेनाशी झाली होती. खरं सांगतो, मी थकलो होतो. यंत्र टेम्पोत चढवावं, "इथल्या हवेला मानवत नाही" असं लिहावं आणि घरी जाऊन झोपावं, एवढंच मनात होतं.

त्या संध्याकाळी मी एका सुटलेल्या पुस्तकाची गोंदाची पट्टी सोलून काढली आणि दाराशी उजेडात धरली. चांगली बांधणी सोलली तर आतून पट्टीला कागदाचे तंतू चिकटलेले दिसतात, सगळीकडे सारखे. ह्या पट्टीवर तीन ठिकाणी तंतू नव्हते. तीन आडवे, फिकट, गुळगुळीत पट्टे. दुसरी सोलली. तेच. तिसरी सोलली. पट्टे तिथेच, फक्त जरा रुंद.

"खलील, हे बघा. इथे काहीतरी पूड लागलीय. गोंद कागदाला पोचतच नाही."

खलीलनं पट्टी घेतली. त्यानं ती बघितली, माझ्याकडे बघितलं आणि पट्टी घडी करून खिशात टाकली. "उद्या बघू, साहेब," एवढंच म्हणाला.

दिंद्रुड, पहाट

ह्या नादात शेवटची काळी-पिवळी गेली. अप्पांच्या घरी लेकी, जावई, पाहुणे जमले होते. मी म्हणालो, मी प्रेसमध्येच झोपतो. पाहुणा एकटा कसा झोपणार म्हणून खलीलही आपली पथारी घेऊन आला, सोबत रेहानाभाभींनी दिलेलं भरल्या वांग्याचं कालवण. कागदाच्या गठ्ठ्यांच्या आडोशाला आम्ही दोघे आडवे झालो.

पहाटे दार ढकलल्याचा आवाज आला. अप्पा आत आले. पूजा करूनच आले होते, कपाळ ओलसर. दिवा न लावता, बोळातल्या दिव्याच्या उजेडातच ते कोनाड्यापाशी गेले. तिथे महादेवाच्या तसबिरीपुढे विभूतीचा गोळा ठेवलेला होता. त्यावर त्यांनी मधली तीन बोटं घासली. मग रचून ठेवलेल्या गड्ड्यांपाशी आले, ढीग दोन्ही हातांनी सारखा केला आणि पाठीच्या बाजूनं वरपासून खालपर्यंत ती तीन बोटं ओढली. पुन्हा गोळ्यावर बोटं घासली, पुन्हा ओढली. प्रत्येक ढिगाला.

"रुसलीस का?" ते हलक्या आवाजात म्हणाले. "खलीलचा हात गेलाय गं. मनून मशीन आनलंय. आज तरी धर नीट."

ते बाहेर गेले. मी उठून बसलो. पांढऱ्या कागदाच्या कडेवर पांढरी राख, कुणाला दिसणार? गेलेल्या माणसाच्या नावाचं पुस्तक आलं की अप्पांचा हा नेम होता, खलील नंतर म्हणाला. दोऱ्यानं शिवलेल्या पुस्तकाला राखेनं काही होत नव्हतं. गोंदाला होत होतं, आणि राख खरवडून काढणारं पातं मीच बंद ठेवलं होतं. आणि पानं सुटली की अक्का रुसल्या असं समजून अप्पा दुसऱ्या दिवशी आणखी विभूती लावत होते.

मला इतकं बरं वाटलं की मी मोठ्यानं म्हणालो, "सापडलं. आता अप्पांना सांगतो."

खलीलनं माझा हात धरला, सुजलेल्या हातानं. "न्हाई सांगायचं, साहेब."

"अहो, यंत्र राहील तुमचं."

"ते वर्ष झालं रोज तिच्यासंगं बोलायलेत. आता त्यांना जाऊन सांगू का, की तुमच्याच हातानं तिचं पुस्तक सुटायलंय? मशीन जाऊ द्या परत. मी जातो बीडला."

"वेडेपणा आहे हा," मी म्हणालो. मला राग आला होता, आणि तो कुणावर ते ठरवता येत नव्हतं. ज्याच्या मनगटासाठी इतके दिवस डोकं फोडलं, तो स्वतःच पाणी सोडायला निघाला होता. आणि त्याचं म्हणणं चूक आहे असंही मला म्हणता येईना.

शेवटी मीच मार्ग काढला. दुपारी जेवून अप्पा घरी पडायला जातात. तेवढ्या वेळात नव्या प्रती छापायच्या आणि कुणाचा हात लागायच्या आत बांधून टाकायच्या. यंत्र त्यासाठीच तर आहे. जुन्या गड्ड्या बाजूला ठेवायच्या, विषय संपला. खलील पथारी गुंडाळत म्हणाला, "चालतंय."

दुपारी अप्पांची पाठ वळली आणि आम्ही कामाला लागलो. छपाईयंत्रातून कोमट पानं निघत होती, मी ती कोरड्या फडक्यानं पुसलेल्या टेबलावर सारखी करत होतो आणि खलील एकेक गड्डी जबड्यात देत होता. त्याला फक्त गड्डी ठेवायची आणि बटण दाबायचं होतं. सुरुवातीला तो बटण असं दाबायचा जणू दाभणच खुपसतोय. मग हात सैलावला. पुस्तकामागून पुस्तक बाहेर पडत होतं. मी थंड झालेल्या एकाचं पान ओढलं. आलं नाही. जोर लावला. कोपरा फाटला, पान आलं नाही. खलीलनं ते पुस्तक माझ्या हातातून घेतलं आणि उगाच पुसलं.

अप्पा नेहमीपेक्षा लवकर आले. लेकींच्या गडबडीत झोप लागली नसावी. दारातच थांबून त्यांनी टेबलावरची चळत बघितली. आत येऊन एक पुस्तक उचललं आणि रोजच्यासारखं मधलं पान चिमटीत धरलं. ओढलं. परत ओढलं. दुसरं पुस्तक घेतलं, तिसरं घेतलं.

"धरलं की," ते म्हणाले.

मी तोंड उघडणार होतो, की गोंद बदलला, तापमान बदललं, काहीही. पण खोटं बोलायलाही तरतरी लागते आणि माझ्यात ती उरली नव्हती. अप्पांची नजर खोलीभर फिरली. कोपऱ्यात त्यांच्या सकाळच्या गड्ड्या तशाच होत्या. टेबलाच्या कडेला मी काल सोललेल्या पट्ट्या पडल्या होत्या. त्या उचलायचं आमच्या दोघांच्याही डोक्यात आलं नव्हतं.

त्यांनी एक पट्टी उचलून डोळ्यांजवळ धरली. मग ती टेबलावर सरळ ठेवली आणि त्या तीन फिकट पट्ट्यांवर आपली मधली तीन बोटं टेकवली. बरोबर बसली.

बाहेर रस्त्यावर भोंगा लावून कुणी भांडी विकत होतं, तो आवाज जवळ आला आणि लांब गेला.

"कावून सांगितलं न्हाईस बे?" अप्पांनी विचारलं. माझ्याकडे त्यांनी बघितलंही नाही.

"तुमी अक्कांसंगं बोलत व्हता," खलील म्हणाला. "मधी कसं बोलावं?"

"अन् मशीन गेलं असतं तर?"

"गेलो असतो बीडला."

"मला न सांगता?"

मला वाटलं आता अप्पा ओरडतील किंवा खाली बसतील. त्यांनी दोन्हीही केलं नाही. ते मागच्या अंगणात गेले आणि नळ सोडल्याचा आवाज आला. हातांवर सकाळी लावलेली विभूती माणूस दिवसा अशी धुऊन टाकत नाही, हे मलाही माहीत होतं. खलील तर दाराकडे पाठ करून उभा राहिला.

अप्पा आत आले. धोतराच्या सोग्यानं एकेक बोट, बोटांच्या बेचक्या, नखं, सगळं कोरडं होईपर्यंत पुसलं. मग दोन्ही पंजे उघडून खलीलच्या पुढे धरले.

"बघ. हाय का काई?"

खलीलनं मान वळवली. ज्याच्या हाताखाली जन्म काढला त्याचे हात तपासायचे, हे त्याच्यानं होईना. अप्पांनी हात मागे घेतले नाहीत. शेवटी खलीलनं बघितलं.

"न्हाई, अप्पा. काईच न्हाई."

छापून ठेवलेल्या पानांपैकी एक गड्डी अप्पांनी स्वतः उचलली, टेबलावर आपटून चारी बाजूंनी सारखी केली आणि खलीलच्या सुजलेल्या हातात दिली.

"मग घाल आता," ते म्हणाले.